नऊ नंबरची खाट

चिक्कडपल्ली, हैदराबाद
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास शिवाचा नमस्कार.

काल सकाळी मी नऊ नंबरच्या खाटेवरची चादर तीन वेळा बदलली. आधी निळी घातली, ती फार विटकी दिसली. मग पांढरी घातली, ती दवाखान्यातल्यासारखी दिसली. शेवटी फुलाफुलांची काढली. ती नीट खोचून झाली आणि उभा राहिलो, तर खाटेचा दांडा धरावा लागला. आमच्या स्वयंपाकीण सावित्रीबाई दारात भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "काय हो शिवराजभाऊ, या खाटेवर नवरदेव उतरणार आहे का? बाकीच्या तेरा खाटांनी काय पाप केलंय?"  गुरुवारच्या उपासामुळे चक्कर आली असेल, असं त्यांना वाटू दिलं.

पत्र बघून तुला राग येईल. सहा वर्षांवर झाली, मी दोन ओळी लिहिल्या नाहीत. रेणूच्या मोबाईलवर फोन करता आला असता, पण तुझा आवाज ऐकला की मला बोलता येणार नाही हे मला माहीत आहे. मला पाटीवर पहिलं अक्षर तू गिरवायला लावलंस, तेवढ्यासाठी तरी हे न फाडता वाच.

काम असं आहे. आमचं जामबागचं रुग्णसोबत मंडळ तू पाहिलेलंच आहेस. म्हणजे जिना पाहिला आहेस. देगलूर, उदगीर, नांदेडकडची माणसं इथल्या मोठ्या दवाखान्यांत कॅन्सरवरचे विजेचे शेक घ्यायला येतात, महिना महिना राहावं लागतं, त्यांना आम्ही खाट देतो आणि दोन वेळचं जेवण. इमारतीचे जुने मालक वारले. त्यांच्या मुलांनी जागा डिसेंबरअखेर मागितली आहे. दुसरी जागा बघितली आहे, पण ती मंडळाच्या आवाक्यातली नाही. एका कंपनीचं प्रतिष्ठान शहरातल्या छोट्या संस्थांना दर वर्षी अनुदान देतं, तिकडे अर्ज केला. चारशेवर अर्ज आले होते. त्यांतून अकरा निवडले, त्यात आपण आहोत. शेवटी तिघांना मिळणार. मिळालं तर तीन वर्षं चिंता नाही. नाही मिळालं तर एक जानेवारीला या चौदा खाटा कुठे ठेवायच्या, कुणालाच माहीत नाही.

अर्ज भरताना माझ्या हातून एक लहानशी चूक झाली आहे. त्यामुळे कदाचित तुला फोन येईल. प्रणिता नावाची मुलगी आहे, प्रतिष्ठानाची. ती विचारील, तुम्ही जामबागच्या रुग्णनिवासात राहिला होता का. तू फक्त 'हो' म्हण. किती दिवस विचारलं तर 'महिनाभर' म्हण. दाजींचं विचारलं तर 'बरं आहे' एवढंच म्हणून फोन रेणूकडे दे. जास्त बोलू नकोस.

तुला हे विचित्र वाटेल. मलाही वाटतं. पण त्या दिवशी जागा नव्हती, हे तुला माहीतच आहे. जागा असती तर तू राहिलीच असतीस, म्हणजे हे अगदी खोटं असंही नाही.

फोन वाजला की माझ्या हातातलं काम थांबतं. शाळेच्या ऑफिसात दिवसभर तीन टेबलांवर फोन वाजतात.

तुझा
शिवा

---

चिक्कडपल्ली
रविवार, १६ नोव्हेंबर

ती. अक्कास नमस्कार.

तुझं उत्तर नाही. रेणूकडून निरोप नाही. पत्र पोचलं की नाही हेही कळत नाही, आणि आता दुसरं लिहिल्यावाचून इलाज नाही, कारण गोष्ट माझ्या हाताबाहेर चालली आहे.

बुधवारी प्रणिता येऊन गेली. कुकटपल्लीहून स्कूटरवर आली, एकटीच. मला वाटलं होतं चार-पाच साहेब येतील, फायली मागतील. ही आमच्या नेहाच्याच वयाची. चपला बाहेर काढल्या, प्रत्येक खाटेशी थांबून नमस्कार केला. सावित्रीबाईंच्या हातची आंबट वरणाची वाटी दोनदा घेतली. चिक्कडपल्लीचीच निघाली, आजोबा इथल्या मराठी शाळेत मास्तर होते. आमचे अध्यक्ष हिम्मतराव ब्याऐंशी वर्षांचे, जन्मभर कोर्टात वकिली केली. ते तिला म्हणाले, "अमां, मास्तरांची नात तू? मग अर्ज मराठीतच का नाही मागवलात?" ती म्हणाली, "आजोबा, मला बोलायला येतं, वाचायला नाही येत हो. एकेक अक्षर जोडत बसावं लागतं." हिम्मतराव म्हणाले, "हौ, आमच्या घरातही तीच परेशानी आहे."

मग ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "अंकल, ती नऊ नंबरच्या खाटेची स्टोरी. इंग्लिशमध्ये वाचली मी. ओरिजिनल मराठीत तुम्ही लिहिली ना? वाचून दाखवा ना जरा."

अक्का, पहिल्या पत्रात मी चूक म्हटलं. चूक नव्हती.

अर्ज चोवीस पानांचा होता, सगळा इंग्रजीत. नेहा संगणकावर भरत होती, मी सांगत होतो. संस्था कधी नोंदली, किती माणसं राहिली, सगळं जमलं. मग एकोणिसाव्या पानावर आलं की तीन लाभार्थ्यांच्या कथा लिहा. काय अडचण होती, तुम्ही काय केलं, आज ते कसे आहेत. सोबत फोन नंबर द्या. इथे आम्ही अडकलो. कारण हिम्मतरावांनी पहिल्या दिवसापासून दंडक घातला आहे की इथून गेलेल्या माणसाला मागाहून फोन करून 'पेशंट कसा आहे' असं विचारायचं नाही. घरी रडारड चालू असेल, आणि आपला फोन गेला तर? बरं झालेला माणूस आपण होऊन सांगतो. बाकीच्यांना त्रास द्यायचा नाही. जाताना वहीत एक ओळ लिहायची, लिहिता येत नसेल तर अंगठा उमटवायचा, तेवढंच. त्यामुळे हजारावर माणसं राहून गेली, पण 'आज ते कसे आहेत' या रकान्यात लिहायला आमच्यापाशी माणूस नाही. दोन सापडले. जेमतेम पाच पाच ओळी झाल्या. नेहा म्हणाली, "बाबा, तिसरी नसेल तर फॉर्म पुढे जातच नाहीये."

मी तिला चहा ठेवायला सांगितला आणि कागद ओढून लिहायला बसलो. एकदाही खोडलं नाही. दुपारी दोनच्या सुमारास देगलूरच्या बसने एक जोडपं आलं. नवऱ्याला जिना चढवत नव्हता, तो सतराव्या पायरीवर बसला. सचिवांनी, म्हणजे मीच, नाव-गाव विचारायच्या आधी पाणी दिलं, पिशवी हातातून घेतली, आणि खिडकीजवळची नऊ नंबरची खाट दाखवली. बाईंनी खिडकी उघडली तर खाली कडुनिंब. बत्तीस दिवस राहिले. शेक पुरे झाले.

आणि शेवटी लिहिलं, 'आज ते रोज शेतात जातात.'

दाजींना मी जिवंत केलं, अक्का. नाव त्यांचंच लिहिलं. तुझं नाव लिहिलं. रेणूचा नंबर दिला. दुसऱ्या कुणाचं मला सुचलंच नाही. ही गोष्ट माझी पाठ होती, कारण गेली सहा वर्षं सकाळी देवापुढे बसलं की मी तीच मनात म्हणत आलोय. जप करायला बसतो आणि तुला जिना चढवतो, खाट देतो, खिडकी उघडतो.

हिम्मतरावांनी अर्जावर न वाचता सही केली. तुझं नाव त्यांना माहीत नाही. नेहाला आत्याचं नाव तेवढं माहीत, ती मला म्हणाली, "बाबा, सेम नेम?" मी म्हटलं, असतात एका नावाची माणसं.

तर बुधवारी मी वाचलं. उभ्यानं, चौदा खाटांच्या मधे. 'सचिवांनी पाणी दिलं' इथे माझा आवाज फुटला, पुढचं वाक्य येईना. प्रणिताच्या डोळ्यांत पाणी आलं. हिम्मतरावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. खोट्याच्या जागी रडू आलं आणि तेच सगळ्यांना खरं वाटलं, याची मला जी भीती वाटली ती सांगता येत नाही.

ती जाताना म्हणाली, "अंकल, आमच्या सरांना ही स्टोरी सगळ्यात आवडली. फंक्शनमध्ये दाखवायला छोटी फिल्म करतो. मीच गावाला जाते त्यांच्याकडे, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. काका शेतात काम करतात ना, तो एक शॉट घेऊ."

एवढं बोलून ती हसत जिना उतरली.

आता फोनवरच्या 'हो'नं भागणार नाही. माणूस घरी येणार आहे. काय करावं, तूच सांग. मला सुचत नाही. घरात दत्ताच्या तसबिरीपुढे दिवा लावतो, पण वर बघवत नाही. पायाशी ती चार कुत्री आहेत ना, त्यांच्याकडेच बघून हात जोडतो, आणि तीही माझ्याकडे बघतात.

शिवा

---

जामबाग
मंगळवार, २५ नोव्हेंबर

अक्का,

काल रेणूचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात दाखले लिहीत होतो. नंबर बघून शाई सांडली. ती म्हणाली, "मामा, दोन्ही पत्रं पोचली. आई शेजारीच बसलीय. बोलत नाही म्हणते, पण काय काय सांगायचं ते मला सांगून ठेवलंय. थांबा, लिहून घेतलंय, वाचते."

मी बाहेर व्हरांड्यात गेलो.

"आई म्हणते, राहिले होते म्हणून सांगते. चौदा माणसांचं काम आहे, त्यात माझं काय जातंय."

मी भिंतीला टेकलो. वाटलं, सुटलो.

"आई म्हणते, बाबा रोज शेतात जातात असं लिहिलंस, तर ते खालच्या शेतात जातात की वरच्या, तेवढं सांगून ठेव. ती पोरगी विचारील. तू एक सांगायचं आणि मी एक, असं नको."

रेणू हे वाचताना अडखळली. तुझं वाक्य अगदी साधं होतं. तू टोमणा मारलास की खरंच विचारलंस, ते मला कळलं नाही. त्या पोरीच्या बापाबद्दल तिच्याच तोंडून ते ऐकावं लागलं.

"आणि आई म्हणते, फिल्मवाले यायच्या आधी मीच एकदा तिकडे येऊन खाट बघून जाते. न बघितलेल्या जागेचं सांगताना माझी बोबडी वळते. सोमवारी, एक तारखेच्या सकाळच्या बसने निघतो आम्ही."

आणि मग मागून तुझा आवाज आला. सहा वर्षांत पहिल्यांदा. "विचार त्याला, त्या दिवशी जागा नव्हतीच ना? मी सगळ्यांना तसंच सांगत आलेय. भावकीत, तुझ्या चुलत्यांना, सगळ्यांना. शिवा काय करणार, जागाच नव्हती."

मी म्हटलं, "हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये," आणि फोन ठेवला.

आवाज येत होता, अक्का. फार स्वच्छ येत होता.

आज शाळा सुटल्यावर मंडळात येऊन बसलोय आणि हे लिहितोय. आता लपवलं तर तू सोमवारी जिना चढून येशील आणि खाटेशेजारी उभी राहशील, आणि मी तुला खिडकी दाखवीन. तसं मला होऊ द्यायचं नाही.

एकवीस फेब्रुवारी २०१९, गुरुवार. माझा उपास होता. मला सचिव होऊन दोन महिने झाले होते. तू एका हातात पिशवी आणि एका हातात दाजींचा दवाखान्याचा लिफाफा घेऊन वर आलीस. दाजी सतराव्या पायरीवरच बसले. ही एकतीस पायऱ्यांची चढण आहे. तू धापा टाकत म्हणालीस, "शिवा, महिनाभर राहायचंय म्हणाले रे डॉक्टर."

नऊ नंबरची खाट त्याच सकाळी रिकामी झाली होती. तिच्यावर निळी चादर घडी करून ठेवली होती. मी दार पुरतं उघडलं नाही. उंबऱ्यावर असा उभा राहिलो की तुला आतलं दिसू नये. आणि म्हटलं, "अक्का, जागा नाही."

मंडळाचा एक नियम आहे. कार्यकारिणीतल्या कुणाच्या नातेवाइकाला खाट द्यायची नाही. माझ्या आधीच्या सचिवाने सासुरवाडची माणसं पाच महिने ठेवली होती आणि पेशंट जिन्यात झोपले होते, तेव्हा हिम्मतरावांनी तो घातला. मी कितीदा तरी स्वतःला सांगितलं की मी नियम पाळला. पण मी तुला नियम सांगितला नाही. हिम्मतराव तेव्हा आतल्याच खोलीत पेपर वाचत होते. त्यांना विचारलंही नाही. विचारायला दहा पावलं जावं लागलं असतं. खेड्यातल्या शाळेत शिकलेल्या माणसाला शहरातल्या मोठ्या माणसांनी पहिल्यांदा विश्वासाचं काम दिलं होतं, आणि दोन महिन्यांत माझी बहीण दारात. लोक काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. भ्यालो. बाकी काही नाही.

तू म्हणालीस, "बरं, मग तुझ्या घरी?" मी म्हटलं, नेहाची दहावी आहे, दोन खोल्या आहेत, निर्मला तयार होणार नाही. निर्मलाला मी विचारलंच नाही. तू हैदराबादेत आली होतीस हे तिला आजतागायत माहीत नाही. इतकी वर्षं तू तुझ्या भावजयीवर रुसून असशील, तर ते माझं पाप तिच्या नावावर आहे.

मग मी पिशवी उचलली, तुम्हाला इमलीबनच्या स्टँडवर नेलं, देगलूरच्या बसमध्ये दाजींना खिडकीची जागा धरून दिली. दाजी म्हणाले, "कशाला एवढा त्रास घेतलास शिवराज." परत येताना मला हलकं वाटलं होतं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. हलकं वाटलं होतं.

दुपारची वेळ होती. त्या वेळेला दारात आलेल्याला परत पाठवू नये हे आपल्या घरात लहानपणापासून शिकवलं. दुपारी भिक्षेला कोण येतं हे मला माहीत आहे. त्या गुरुवारी संध्याकाळी मी फराळ करून आरती केली.

जूनमध्ये दाजी गेले. शेक घेतले असते तर वाचले असते, असं कुठल्या डॉक्टरनं छातीवर हात ठेवून सांगितलं नसतं. पण घेतले नाहीत, कारण माझ्यानंतर तुम्ही कुणाला विचारलंच नाही. दहाव्याला भावानं माहेरचं लुगडं घेऊन जायचं, तर मी ते पोस्टानं पाठवलं. तुझ्या तोंडासमोर यायची छाती झाली नाही. तू ते न फोडता परत केलंस. तुला वाटलं, भावाला यायला सवड झाली नाही. गावाला वाटलं, शहरात जाऊन मोठा झाला. तू माझ्याशी बोलणं टाकलंस ते त्या न येण्यावरून. खरी गोष्ट तुला माहीतच नव्हती. आणि ती कळली नाही, यातच मला सहा वर्षं बरं वाटत होतं.

ते पार्सल तसंच आहे. माझ्या कपाटात, खालच्या फळीवर. निर्मलाला वाटतं त्यात जुन्या पोथ्या आहेत.

तू माझ्यासाठी खोटं बोलायला तयार झालीस, तेव्हापासून मला दुसरीच भीती लागली आहे. आतापर्यंत प्रतिष्ठानाची होती, पकडले जाण्याची, हिम्मतरावांची. आता ती लहान वाटते. तू 'त्या खाटेवर राहिले होते' असं म्हणशील, आणि मग ते खरं ठरेल, आणि मी सुटेन. त्याची भीती वाटते.

काय करायचं ते मला माहीत आहे. धीर होत नाही. हे पत्र पोस्टात टाकायचाही होतो की नाही, बघतो.

शि.

---

चिक्कडपल्ली
शनिवार, २९ नोव्हेंबर

अक्का,

मागचं पत्र टाकलं नव्हतं, खिशातच होतं. ते आणि हे, अशा दोन्ही पत्रांचे फोटो काढून नेहा रेणूच्या मोबाईलवर पाठवते आहे. टपालाने तुला ती सोमवारच्या आत मिळणार नाहीत, आणि तू बसमध्ये बसायच्या आधी ती वाचायला हवीत.

बुधवारी दुपारी भोकरकडचा एक माणूस आईला पाठीवर घेऊन जिना चढून आला. तेरा खाटा भरलेल्या होत्या. नऊ रिकामी होती, कारण प्रणिता आली त्याच्या आधीपासून मी ती कुणाला दिलीच नव्हती. फिल्मच्या आधी आणखी कुणी बघायला आलं तर, म्हणून. फुलाफुलांची चादर तशीच. मी दारात उभा होतो. म्हटलं, "जागा नाही हो."

 तो आईला सावरून वळला. दोन पायऱ्या उतरला असेल, तेवढ्यात आतून सावित्रीबाई ओरडल्या, "अहो, नऊ रिकामी आहे की! शिवराजभाऊ, डोळे गेले का तुमचे?"

तो परत वर आला. मी बाजूला झालो. म्हातारी खाटेवर टेकली तेव्हा त्या फुलांवर हात फिरवून म्हणाली, "एवढी चांगली चादर कशाला रे बाबा, घाण होईल." मी संडासात जाऊन कडी लावली आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिलो. बाहेर आलो तर सावित्रीबाई माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही त्या माणसाला का घालवत होता, ते मला विचारायचं नाही. पण तुमचं काहीतरी बिनसलंय."

संध्याकाळी निर्मलाला सांगितलं. सगळं. ती पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. शेवटची पोळी झाल्यावर म्हणाली, "सहा वर्षं तुमच्या बहिणीनं माझं तोंड पाहिलं नाही. मला वाटायचं, मी काय केलं." मग गॅस बंद केला. "मला विचारायला तरी पाहिजे होतंत. मी नेहाला शेजारी झोपवलं असतं." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही, पण पार्सल तिनं कपाटातून काढून टेबलावर ठेवलं आहे.

काल सकाळी हिम्मतरावांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढून सगळं ऐकलं. मी म्हटलं, "तेव्हा विचारलं असतं तर तुम्ही खाट दिली असती का?" म्हाताऱ्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "काय म्हटलं असतं ते आता मला सांगता यायचं नाही, शिवराज. नियम मीच केलेला. पण विचारायला पाहिजे होतंस. तुला घाबरायला मी काय निजाम होतो?" मग म्हणाले, "ते एकोणिसावं पान परत घेतलं तर अर्ज हातचा जाईल, माहीत आहे ना?"

मी म्हटलं, "माहीत आहे."

"चौदा माणसं आहेत वर."

"तेही माहीत आहे."

ते म्हणाले, "जा मग. माझ्याकडे बघत बसू नकोस. मी दुसरी दारं ठोकतो. पुढच्या अर्जावर सही मात्र तुझी नको." मी सचिवपदाचा राजीनामा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो न वाचता घडी करून खिशात घातला, तीच त्यांची जुनी सवय.

सोमवारी तू आलीस तर स्टँडवर मी असेन. निर्मलाही येणार आहे, असं तिनं नेहाकरवी कळवलंय. नऊ नंबरच्या खाटेवर भोकरची म्हातारी आहे, म्हणून ती तुला दाखवता येणार नाही. तू आमच्याच घरी उतरशील. नाही आलीस तर तोही तुझा हक्क आहे. लुगडं घेऊन मी येईन, तू दार उघडलंस तरच आत येईन.

हिम्मतरावांकडून तसाच कुकटपल्लीच्या बसमध्ये बसलो. सगळ्या वाटेत जपाचं नाव तोंडात येत नव्हतं. दोनदा वाटलं की पुढच्या स्टॉपला उतरावं. काचेची मोठी इमारत आहे, खालीच रोखतात, गळ्यात चिठ्ठी अडकवतात. प्रणिता धावत खाली आली. "अंकल, तुम्ही कशाला आलात, मी आले असते ना!" मी तिला आदल्या दिवशी लिहून ठेवलेला कागद दिला. वाटलं होतं, ती वाचील आणि मी समोर गप्प बसेन, तेवढं तरी सोपं जाईल. तिनं कागद सरळ धरला, पहिल्या ओळीवर बोट ठेवून अक्षरं जोडायला लागली, दोन शब्दांवर थांबली आणि कागद माझ्यापुढे केला. "तुम्हीच वाचा ना, अंकल. त्या दिवशी किती छान वाचलंत."

तिथे खुर्च्या होत्या, पण मी उभा राहिलो. वाचलं की, अर्जातल्या एकोणिसाव्या पानावरची तिसरी कथा खोटी आहे. ती बाई माझी सख्खी मोठी बहीण आहे. एकवीस फेब्रुवारी २०१९ रोजी दुपारी दोन वाजता ती आजारी नवऱ्याला घेऊन आली. नऊ नंबरची खाट रिकामी होती. सचिवाने जागा नाही म्हणून सांगितले. पाणीही दिले नाही. तिचे यजमान त्याच वर्षी जूनमध्ये वारले. ते शेतात जात नाहीत. 

या वेळी आवाज फुटला नाही. प्रणिताच्या हातातला पेन खाली पडला, तो तिनं उचलला नाही. ती अगदी हळू म्हणाली, "हे मला सरांना सांगावं लागेल, अंकल. मग अर्ज…" मी म्हटलं, "हो." आणि राहिलेली शेवटची ओळ वाचली, 'यात मंडळाचा दोष नाही', तिच्यासमोर खाली सही केली, तारीख घातली, आणि कागद तिच्या टेबलावर ठेवून आलो.

शिवा